वादळाचा बावटा आणि त्याचा अर्थ

समुद्रकांठीं राहणाऱ्या माणसाला वादळाचें भय नवें नाहीं. नवी आहे ती वादळाची आगाऊ वार्ता. आभाळाचा रंग, पक्ष्यांचें उडणें आणि लाटांचा आवाज यांवरून मनुष्य हजारों वर्षें अनुमान बांधीत आला. तें अनुमान त्याचें स्वतःचें असल्यामुळें त्याचा अर्थ त्याला दुसऱ्या कोणाकडून समजावून घ्यावा लागत नसे. गेल्या एकशें साठांहून अधिक वर्षांत मात्र हें काम सरकारी खात्यांकडे आलें, आणि वादळ शेंकडों कोसांवर असतांनाच त्याची बातमी किनाऱ्यावर पोंचूं लागली. पण अशी बातमी पोंचवावयाची म्हणजे ती कोणत्या तरी खुणेंत, आंकड्यांत, शब्दांत किंवा रंगांत बसवावी लागते. आणि खूण करणाराच्या मनांतील अर्थ खूण पाहणाराच्या मनांत उतरतोच असें नाहीं. वादळाच्या पूर्वसूचनांचा इतिहास हा जितका हवामानशास्त्राचा, तितकाच या दोन अर्थांमधील अंतराचा इतिहास आहे. हें अंतर जेथें मोठें राहिलें, तेथें बातमी वेळेवर पोंचूनहि माणसें मेलीं.

या इतिहासाचा आरंभ इंग्लंडांत होतो. १८५९ सालच्या आक्टोबर महिन्यांत मेलबर्नहून लिव्हरपूलला परत येणारें 'रॉयल चार्टर' नांवाचें जहाज वेल्सच्या किनाऱ्यावर अँग्लसी बेटाच्या खडकांवर आपटून फुटलें. आस्ट्रेलियांतील सोन्याच्या खाणींवर कमाई करून घरीं निघालेले अनेक उतारू त्यांत होते. अर्धें जग ओलांडून आलेलीं सुमारें साडेचारशें माणसें स्वदेशाच्या किनाऱ्यापासून हांकेच्या अंतरावर बुडालीं. त्या वेळीं व्यापारखात्याच्या हवामानविभागाचा प्रमुख रॉबर्ट फिट्झरॉय हा होता. डार्विनला घेऊन पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या 'बीगल' जहाजाचा कप्तान तो हाच. वादळ कितीहि वेगानें धांवलें तरी तारेचा संदेश त्याच्यापुढें पोंचतो, हा साधा विचार त्यानें मनाशीं धरला, आणि १८६१ च्या फेब्रुवारींत बंदरांना तारेनें इशारे पाठविण्यास आरंभ केला.

तार आली कीं बंदरावरील उंच काठीवर कापडाचे मोठे आकार चढवावयाचे. शंकूचें टोंक वर असलें तर जोराचा वारा उत्तरेकडून, टोंक खालीं असलें तर दक्षिणेकडून. नळकांड्याच्या आकाराची खूण दिसली तर एकामागून एक निरनिराळ्या दिशांनीं वारे सुटणार. आणि शंकु व नळकांडें दोन्ही एकदम दिसलीं तर संकट मोठें. रात्रीं हेंच काम कंदिलांकडे असे. या खुणांचें वैशिष्ट्य असें कीं, त्या एकाच प्रकारच्या माणसासाठीं केलेल्या होत्या. वारा कोठून येणार एवढें कळलें म्हणजे आपलें जहाज कोठें बांधावें, नांगर किती सोडावे, कीं आज शीड उभारूंच नये, हें नाविकाला सांगावें लागत नसे. उरलेला अर्थ त्याच्या अनुभवांत तयार होता.

अडचण उत्पन्न झाली ती वाचक बदलला तेव्हां. १८६१ च्या आगस्ट महिन्यापासून फिट्झरॉयचे अंदाज लंडनच्या 'टाइम्स' पत्रांत छापून येऊं लागले. तीच विद्या आतां दिवाणखान्यांत बसून वर्तमानपत्र वाचणाऱ्या गृहस्थापुढें आली, आणि त्यानें तिला भविष्यकथन समजून पारखण्यास सुरुवात केली. हीं भाकितें नव्हेत, उपलब्ध माहितीवरून केलेले अंदाज आहेत, असें फिट्झरॉय परोपरीनें सांगत राहिला. त्यासाठींच त्यानें 'फोरकास्ट' हा शब्द निवडला होता. पण अंदाज चुकला कीं थट्टा ठरलेली. खुणेमुळें नावा बंदरांतच राहिल्या तर दिवसाची मिळकत बुडते, म्हणून मच्छीमार ताफ्यांचे कांहीं मालकहि कुरकुरत. कर्ज, आजार आणि टीका यांनीं खचलेल्या या मनुष्यानें ३० एप्रिल १८६५ रोजीं आत्महत्या केली.

त्याच्या मागें नेमलेल्या समितीनें या इशाऱ्यांना पक्का शास्त्रीय आधार नाहीं असा अभिप्राय दिला, आणि १८६६ च्या डिसेंबरांत ते बंद करण्यांत आले. तेव्हां आश्चर्य असें घडलें कीं, ज्यांच्यासाठीं हे इशारे होते त्या किनाऱ्यावरच्या लोकांनींच ते पुन्हा मागितले, आणि पुढच्या वर्षीं सरकारला ते सुरू करावे लागले. शास्त्रज्ञांना निश्चिति हवी होती. समुद्रावर जाणाराला सावध होण्यापुरती शंका पुरेशी होती. कोणाच्या दृष्टीनें इशारा 'खरा' ठरतो, हा प्रश्न तेव्हांच उभा राहिला होता.

याच सुमारास हिंदुस्थानच्या पूर्व किनाऱ्यानें याहून भयंकर अनुभव घेतला. कलकत्त्यास राहणाऱ्या हेन्री पिडिंग्टननें बंगालच्या उपसागरांतील वादळांचा अनेक वर्षें अभ्यास केला होता. आज जगभर रूढ असलेला 'सायक्लोन' हा शब्द त्यानेंच ग्रीक भाषेवरून बनविला. १८५३ सालीं त्यानें लॉर्ड डलहौसीस पत्र लिहून कळविलें कीं, मातला नदीवर नवें बंदर बसवूं नये. एखाद्या दिवशीं वादळाबरोबर समुद्राची लाट येऊन तें सर्व बुडवील. पण 'एखाद्या दिवशीं' येणाऱ्या संकटाला तारीख नसते, आणि तारीख नसलेलें संकट दप्तरांत सहज बांधून ठेवतां येतें. कॅनिंग बंदर बांधलें गेलें, आणि १८६७ च्या वादळानें त्याची वाट लावली. पिडिंग्टन तें पाहावयास राहिला नव्हता.

त्यापूर्वींच, ५ आक्टोबर १८६४ रोजीं, कलकत्त्यावर चक्रीवादळ आलें. हुगळी नदींतून समुद्राची लाट वर चढली, बंदरांतील जहाजांचे नांगर तुटून तीं एकमेकांवर आणि कांठावर आदळलीं, आणि कांठच्या गांवांतून मिळून पन्नास हजारांच्या आसपास माणसें मृत्यु पावलीं. पुढच्याच महिन्यांत मच्छलीपट्टणास दुसरें वादळ आलें. या दोन आघातांनंतर १८६५ सालीं कलकत्ता बंदरासाठीं इशाऱ्यांची व्यवस्था झाली. १८७५ सालीं ब्लॅनफोर्डच्या हाताखालीं सबंध देशाचें हवामानखातें निघालें. १८८६ पर्यंत सर्व बंदरांना इशारे मिळूं लागले. आणि १८९८ पासून सर्वत्र एकच खूणपद्धति लागू झाली. कोंकणांत 'बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला' असें जें म्हणतात, तो याच पद्धतीचा बावटा. प्रत्यक्षांत काठीवर दिवसा शंकु आणि नळकांडीं चढतात व रात्रीं लाल-पांढरे दिवे लागतात. पण लोकांनीं त्यास बावटा हेंच नांव दिलें आहे.

या पद्धतींत एकूण अकरा खुणा आहेत, आणि त्यांची रचना लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. पहिली व दुसरी खूण दूर समुद्रांतील वादळाची. तिसरी व चौथी खुद्द बंदराला उपद्रव संभवतो याची. पांच, सहा, सात या तीन धोक्याच्या खुणा आणि आठ, नऊ, दहा या तीन महाधोक्याच्या. अकरावी खूण हवामानखात्याशीं दळणवळण तुटल्याची. आतां सामान्य मनुष्य म्हणेल कीं, पांचापेक्षां सहा मोठा आणि सहापेक्षां सात मोठा. म्हणजे धोकाहि त्याच क्रमानें वाढत असला पाहिजे. वस्तुस्थिति तशी नाहीं. पांच, सहा व सात यांत वादळाचा जोर एकच. फरक एवढाच कीं, तें बंदराला आपल्या डावीकडे ठेवून जाणार, उजवीकडे ठेवून जाणार, कीं बंदरावरून अथवा अगदीं जवळून जाणार. आठ, नऊ, दहा यांचीहि तीच गोष्ट. कप्तानाला ही माहिती अमोल आहे. कारण वादळाच्या कोणत्या बाजूस आपण सांपडणार यावर वाऱ्याची दिशा अवलंबून असते. पण बांधावर उभा असलेला शेतकरी तोच आंकडा ऐकतो, तेव्हां त्याला ती जिन्याची पायरी वाटते. आठ नंबर लागला म्हणजे अजून दोन पायऱ्या शिल्लक आहेत असें समजून तो गुरें सोडावयाचें उद्यांवर टाकतो. जहाजांसाठीं घडविलेली भाषा जमिनीवर आली, आणि तिचा अर्थ वाटेंत बदलला.

खूण अवघड असणें हा एक दोष झाला. दुसरा दोष याच्या उलट टोंकाचा, म्हणजे सोपा शब्द असूनहि तो उच्चारावयाचाच नाहीं. आणि त्याचें उदाहरण अमेरिकेंत सांपडतें. तेथील मध्यवर्ती सपाट प्रदेशांत 'टोर्नेडो' नांवाची प्रचंड वावटळ उठते व कांहीं मिनिटांत गांव भुईसपाट करते. जॉन फिन्ले या अधिकाऱ्यानें १८८० नंतरच्या दशकांत तिचा अंदाज वर्तविण्याचे प्रयोग चालविले होते. परंतु त्याच दशकाच्या उत्तरार्धांत सरकारी अंदाजांत 'टोर्नेडो' हा शब्दच वापरूं नये असा नियम झाला. हा शब्द ऐकून लोक घाबरतील आणि घबराटीनें होणारी हानि प्रत्यक्ष वावटळीपेक्षां अधिक होईल, ही त्यामागील समजूत. साप निघाला तरी त्याला 'लांबडें' म्हणावें, तसाच हा प्रकार. १८ मार्च १९२५ रोजीं तीन संस्थानांतून धांवलेल्या एका टोर्नेडोनें ६९५ माणसें मारलीं. त्यांना कोणताहि इशारा मिळालेला नव्हता. १९३८ च्या सुमारास बंदी सैल झाली. पुढें १९४८ च्या मार्चांत ओक्लाहोमांतील टिंकर विमानतळावर दोन लष्करी अधिकाऱ्यांनीं स्पष्ट इशारा दिला, आणि त्याच सायंकाळीं वावटळ आली तरी माणूस दगावला नाहीं. त्यानंतर जुना संकोच सुटला. आपत्तींचा अभ्यास करणाऱ्यांना पुढें वारंवार आढळून आलें कीं, इशारा ऐकून लोक सैरावैरा पळतात असें क्वचितच घडतें. बहुधा ते इशाऱ्यावर विश्वास ठेवीत नाहींत, किंवा शेजारी काय करतो तें पाहत थांबतात.

या थांबण्याची किंमत किती होऊं शकते, तें बंगालच्या उपसागरानें १९७० सालीं दाखविलें. त्या वर्षीं १२ नोव्हेंबरच्या रात्रीं तेव्हांच्या पूर्व पाकिस्तानच्या, म्हणजे आजच्या बांगला देशाच्या, भोला व आसपासच्या बेटांवर चक्रीवादळ आलें. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या मुखाशीं असलेल्या या सखल बेटांवर वाऱ्यापेक्षां पाण्यानें संहार केला. मृतांचा आंकडा तीन लाखांपासून पांच लाखांपर्यंत सांगितला जातो. आणि तरीहि हें वादळ अगदींच न कळवितां आलें नव्हतें. नभोवाणीवरून 'महाधोक्याचा' संदेश गेला होता. नंतर झालेल्या पाहणीचा अंदाज असा कीं, त्या भागांतील शेंकडा नव्वद लोकांना वादळ येत असल्याचें ठाऊक होतें, आणि भक्कम इमारतींत आश्रय घेतला तो केवळ शेंकडा एक माणसानें. वांचलेल्यांपैकीं कांहींनीं सांगितलें कीं, त्या शब्दांचा आपणांस कांहीं बोध झाला नाहीं. आपल्या समजुतीप्रमाणें सर्वांत मोठें संकट म्हणजे एक नंबरचें.

या उत्तरास अडाणीपणा म्हणून हंसणें सोपें आहे. पण तें न्यायाचें नाहीं. व्यवहारांत 'एक नंबर' म्हणजे अव्वल, हें कोणीहि सांगेल. शिवाय त्याच्या आदल्याच महिन्यांत एका वादळाचा मोठा गाजावाजा होऊन प्रत्यक्षांत त्या मानानें थोडी हानि झाली होती. आणि समजा, अर्थ कळला असता, तरी जावयाचें कोठें? मैलोगणती सपाट बेट, घरें बांबूचीं व गवताचीं, उंच जागा नाहीं. ज्या इशाऱ्यानंतर करण्यासारखें कांहींच नाहीं, तो इशारा मनुष्य कानांआड करतो. कारण असहाय स्थितींत भीति बाळगून राहणें फार जड जातें. धोक्याची जाणीव ही निवाऱ्याच्या अंतरावरहि अवलंबून असते, हें या बेटांनीं शिकविलें.

बांगला देश स्वतंत्र झाल्यावर १९७२ पासून तेथें रेड क्रॉसच्या साह्यानें एक नवी व्यवस्था उभी राहूं लागली. गांवोगांवचे स्वयंसेवक निवडून त्यांच्या हातीं कर्णे, हातानें फिरविण्याचे भोंगे आणि बावटे देण्यांत आले. बंदरांचे आंकडे कायम राहिले. पण गांवांत त्यांचें रूपांतर एक, दोन किंवा तीन बावट्यांत झालें. तीन बावटे दिसले कीं निवाऱ्याकडे चालूं लागावयाचें. शिवाय सांगणारा ओळखीचा, आपल्याच बोलींत बोलणारा, आणि बरोबर येणारा. एप्रिल १९९१ च्या वादळांत मात्र या व्यवस्थेची उणीवहि उघड झाली. दहा नंबरची खूण लागली होती, पुष्कळ लोक निवाऱ्यांत गेले व वांचले. तथापि सुमारें एक लाख अडतीस हजार मृत्यु झाले, आणि त्यांत स्त्रियांचें प्रमाण फार मोठें होतें. घरधनी बाहेर गेलेला, त्याच्या अनुज्ञेवांचून घर सोडावें कसें, परक्या पुरुषांच्या गर्दींत रात्र काढावी कशी, कोंबड्या-गुरांना टाकून जावें कसें, या विचारांत कित्येकींची वेळ निघून गेली. इशारा त्यांच्या कानीं पडला होता. पण तो देतांना त्यांचा विचार कोणीं केला नव्हता. पुढच्या निवाऱ्यांत स्त्रियांसाठीं निराळी जागा व गुरांसाठीं उंचवटे करण्याकडे अधिक लक्ष गेलें. २००७ सालच्या तितक्याच उग्र 'सिद्र' वादळांत मृतांची संख्या चार हजारांच्या आंत राहिली.

ओरिसाच्या किनाऱ्याचा अनुभव याच धर्तीचा. २९ आक्टोबर १९९९ च्या महावादळांत तेथें सुमारें दहा हजार माणसें मेलीं. चौदा वर्षांनीं, १२ आक्टोबर २०१३ रोजीं, 'फायलिन' वादळ गोपाळपुराजवळ आलें, तेव्हां सुमारें दहा लाख लोकांना आधींच हलविलें गेलें होतें, आणि मृतांची संख्या कांहीं डझनांवर थांबली. मधल्या काळांत उपग्रह व गणकयंत्रें सुधारलीं हें खरेंच. परंतु निवारे बांधले गेले, आणि सूचनेची भाषाहि बदलली. कोणत्या जिल्ह्यांत, कोणत्या वेळीं, पाणी किती चढेल, गवताच्या छपरांचीं घरें व विजेचे खांब यांचें काय होईल, आणि लोकांनीं काय करावें, हें आतां पत्रकांत लिहिलेलें असतें. वाऱ्याचा ताशीं वेग सांगितला तर फारसें मनांत ठसत नाहीं. 'तुमचें छप्पर राहणार नाहीं' म्हटलें कीं मनुष्य उठून उभा राहतो.

शहरांतील घरांचा संबंध येतो तो अलीकडच्या रंगांशीं. हिरवा म्हणजे कांहीं करणें नको. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयारींत राहा. तांबडा म्हणजे कृति करा. हे रंग करावयाच्या कृतीचे आहेत. लोक मात्र तांबडा रंग पाहून आज प्रलय होणार असें समजतात, आणि तो झाला नाहीं कीं वेधशाळेनें पाऊस सांगितला म्हणजे छत्री घरीं ठेवावी, अशी थट्टा सुरू होते. २६ जुलै २००५ या दिवशीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, आणि त्याच मुंबईच्या दक्षिण टोंकाला कुलाब्यास अवघा ७३ मिलिमीटर. एका शहरांत जर एवढा भेद, तर सबंध जिल्ह्याला लावलेला एक रंग प्रत्येक गल्लींत खरा कसा ठरावा? ३ जून २०२० रोजीं 'निसर्ग' वादळाची भीति मुंबईला घातली गेली होती. तें कांहींसें दक्षिणेस वळून श्रीवर्धनाजवळ किनाऱ्यावर आलें. मुंबईंत पुष्कळांना तो इशारा फुकट गेल्यासारखा वाटला. त्याच दुपारीं श्रीवर्धन, दापोली, मंडणगड या भागांत पिढ्यान् पिढ्या जोपासलेल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या होत्या. इशारा खोटा नव्हता. तो शेजाऱ्याच्या बाबतींत खरा ठरला होता.

फिट्झरॉयच्या शंकूपासून आजच्या रंगांपर्यंत एक गोष्ट सारखीच राहिली आहे. इशारा देणारे खातें संभव सांगतें. ऐकणारा निश्चिति मागतो. हें अंतर सर्वस्वी नाहींसें होणें नाहीं, पण तें कमी करतां येतें. ज्याच्यासाठीं सूचना आहे त्याच्या घराचा, कामाचा व बोलीचा विचार करून ती घडवावी; तिच्यांत संकटाचें नांव स्पष्ट असावें; काय करावें आणि कोठें जावें हें असावें; आणि सांगणारा माणूस विश्वासाचा असावा. यांतील शेवटचें काम केवळ सरकारनें करण्यासारखें नाहीं. ज्या घरांत वर्तमानपत्र येतें व नभोवाणी ऐकली जाते, त्या घरीं भांडीं घासावयास येणारी बाई नाल्याकांठच्या झोपडींत राहत असते, आणि दारावरचा पहारेकरी रात्रीं उघड्यावर बसलेला असतो. तांबड्या रंगाची बातमी त्यांच्यापर्यंत बहुधा रंगाच्या रूपानें पोंचत नाहीं. 'आज संध्याकाळीं पाणी भरण्याचा संभव आहे, मुलांना घेऊन बहिणीकडे जा, उद्यां कामाला आली नाहींस तरी चालेल,' एवढें तिला तिच्या भाषेंत कोणीं सांगितलें, तर वेधशाळेनें आरंभलेलें काम पुरें होतें.